एक जून

माझ्या वर्गात अकरा मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो
आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असते.

जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही,
असं कायद्यात आहे. कलम चौदा. मला पाठ आहे.
पण संगणकावरचा तारखेचा चौकोन
रिकामा ठेवला तर पुढे सरकत नाही.
त्यानं कायदा वाचलेला नाही.
म्हणून आम्ही लिहितो, एक जून.
माझ्या आधी चुरी बाई लिहायच्या,
त्यांच्या आधी कुणीतरी टाकानं लिहिलं असेल.
माझ्या वडिलांचाही एक जूनच.

मेच्या शेवटी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण.
मी आणि शिपाई बाबल, दारूखान्याच्या गल्ल्यांतून.
मूल सापडलं की डाव्या बोटाला शाई,
दुसऱ्या मास्तरानं परत मोजू नये म्हणून.
मतदानाला असते तशीच.
पोरं बोट वर करून नाचतात, आम्ही पण टाकलं, आम्ही पण!

खरं सांगू? मी कायद्यासाठी फिरत नव्हतो.
पट एकोणीसवर आलाय.
आणखी घसरला तर शाळा शेजारच्या शाळेत,
आणि मी ‘अतिरिक्त’.
हा शब्द माणसालाही लावतात.
पोटासाठी मूल शोधण्यात पुण्य नाही,
उन्हात पाय मात्र तेवढेच भाजतात.

ती मोडीत निघालेल्या जहाजाचा दोर उसवत बसली होती.
मनगटाएवढा दोर, त्यातून पीळ, पिळातून धागा,
हात बघतही नव्हते काय करतायत ते.
नाव?
मंगळी.
वय?
तिनं आईकडे पाहिलं. आईनं दोराकडे.
“धा लिवा. न्हायतर अकरा.
तुमास्नी सोयीचं पडंल ते.”

तोंड उघडायला लावलं. सुळा अर्धा वर आलेला.
म्हणजे नऊ ते बारा, पुढचं दातही सांगत नाहीत.
अकरा लिहिलं तर सहावी,
आणि हिला ‘क’ कुठून सुरू होतो ठाऊक नाही.
आठ लिहिलं तर तिसरी,
त्या बाकाखाली हिचे गुडघे मावायचे नाहीत.
वयानुरूप.
कसा इस्त्रीचा शब्द आहे.

“मंगळी का गं?” मी उगाच विचारलं.
उत्तर आई देते,
“मंगळवारची हाय. रात्री दाई घावंना,
क्रेनवाल्याच्या बायकूनं नाळ कापली.”
साल नाही, महिना नाही.
वार तेवढा पक्का.

रात्री जेवण झाल्यावर मोबाईलमध्ये कॅलेंडर मागे मागे नेत बसलो.
एक जूनला मंगळवार कधी होता?
दोन हजार चार. छे, एवढी मोठी नाही ती.
दोन हजार दहा.

मंगळवार.

म्हणजे नऊ. म्हणजे चौथी.
बायको म्हणाली, एवढं हसायला काय झालं?
चौकोन भरला. पुढे सरकला.
बावीस वर्षं खोट्या तारखा लिहितोय,
एकीला तरी खऱ्याचा एक धागा लागला.

शाळा सुरू झाली. मोफतच्या सत्तावीस वस्तूंपैकी
सहा आल्यात. बूट आले, दोन्ही डाव्या पायाचे.
रेनकोट आला, दप्तर यायचंय.
मंगळी येते. रोज नाही.
नवं जहाज फुटायला लागलं की चार-चार दिवस
तिच्या नावापुढे मी पेन टेकवून बसतो.
गैरहजेरी मांडताना हात जड होतो,
हजेरी मांडायचा मोह होतो. पट, शेवटी.

काल तिला फळ्यापाशी बोलावलं, नाव लिही म्हणालो.
नखाच्या कडेला शाई अजून होती.
‘मं’ काढला, टिंब जरा जास्तच मोठं.
‘ग’ काढला.
‘ळ’पाशी थांबली. मी काढून दाखवला.
बराच वेळ बघत राहिली, मग त्यावरून बोट फिरवलं,
एकदा इकडून, एकदा तिकडून.

“सर, ही तर गाठ हाय.
सोडवायची, का मारायची?”

खाली खिचडीचा टोप आला होता.
वर्ग निम्मा दाराकडे पळाला.
ती तिथंच उभी, खडू हातात.